मोठ्या शहरातील बहुसांस्कृतिक जागा कमी खर्चात कशा शोधाव्यात : आधी माणसे, मग वेळ, शेवटी जागा

मोठ्या शहरात नव्याने आलेला माणूस फोनवर ‘पाहण्यासारखी ठिकाणे’ असे लिहितो, समोर आलेल्या यादीतील पहिली दहा नावे नकाशावर टिपून घेतो आणि दोन-तीन दिवस धावपळ करून ती पुरी करतो. परतल्यावर हिशेब मांडला की कळते, खर्च ठरवलेल्या रकमेच्या कितीतरी पुढे गेला आहे आणि दहाही ठिकाणी आपल्यासारखीच यादी हातात घेतलेली माणसे तेवढी भेटली आहेत. ही चूक क्रमाची आहे. जागा आधी ठरवली की प्रवास, वेळ आणि खर्च हे सगळे त्या जागेच्या सोयीने ठरू लागते. या लेखात क्रम उलटा धरला आहे : एखादा समाज शहरात कुठे राहतो आणि कुठे काम करतो हे आधी शोधायचे, तो कोणत्या दिवशी आणि कोणत्या प्रहरी एकत्र येतो हे नंतर, आणि नेमक्या जागेचे नाव सर्वांत शेवटी लिहायचे.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले चार टप्पे घरी बसून होतात आणि त्यांना दोन संध्याकाळी पुरतात. ते टाळून थेट पाचव्या टप्प्याला हात घालणारेच बहुधा ‘तिथे काहीच नव्हते’ असे सांगत परततात.

टप्पा १ : खर्चाची मर्यादा ठरवणे

‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ आधी स्वतःपुरता निश्चित करावा. प्रवेशशुल्क नसलेली जागा स्वस्त असतेच असे नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विनामूल्य संग्रहालयात जाण्यासाठी दोन वेळा गाडी बदलावी लागत असेल आणि भुकेच्या वेळी तेथील उपाहारगृहाशिवाय जवळपास काही नसेल, तर त्या फेरीचा खर्च तिकीट असलेल्या पण चालत जाण्याजोग्या जागेपेक्षा जास्त होतो. म्हणून हिशेब घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत धरावा आणि त्यात प्रवास, खाणे, प्रवेश व किरकोळ खर्च असे चार रकाने करावेत.

या चार रकान्यांत सर्वांत जास्त गळती प्रवासात होते, म्हणून तिकिटाचे नियम आधी वाचावेत. काही शहरांचा दैनिक पास पहिल्या वापरापासून चोवीस तास चालतो, तर काहींचा त्या तारखेपुरताच चालतो; दुसऱ्या प्रकारचा पास दुपारी चार वाजता घेणे म्हणजे अर्धे पैसे वाया घालवणे होय. काही शहरांत पास घ्यावाच लागत नाही. लंडनमध्ये एका दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, म्हणजे तेवढी रक्कम कापली गेली की त्या भाडे-विभागातील पुढील फेऱ्यांचे पैसे लागत नाहीत, आणि तेथील हा ‘दिवस’ पहाटे साडेचारला सुरू होतो. मात्र ही मर्यादा लागू व्हायची तर प्रत्येक वेळी तेच कार्ड किंवा तेच उपकरण यंत्राला लावावे लागते. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाशी जोडलेला फोन वापरणाऱ्याचे दोन वेगळे हिशेब धरले जातात.

*सावधान :* भुयारी रेल्वेतून बाहेर पडताना कार्ड लावायचे विसरल्यास अनेक शहरांत कमाल भाडे कापले जाते. बसचा नियम वेगळा असू शकतो. तोही आधी वाचावा.

टप्पा २ : वस्ती शोधणे

संपूर्ण कामाचा कणा हा टप्पा आहे, म्हणून त्याला सर्वाधिक वेळ द्यावा.

प्रत्येक जुन्या महानगरात एखाद्या समाजाच्या दोन वस्त्या असतात असे गृहीत धरून सुरुवात करावी. पहिली नावाची वस्ती : जिला कमान आहे, रंगीत दिवे आहेत, दिशादर्शक पाट्यांवर जिचे नाव आहे. दुसरी राहती वस्ती : जिथे भाडे परवडते म्हणून त्या समाजातील माणसे पुढे सरकली आणि जिथे आज त्यांची मुले शाळेत जातात. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागात जुने चायनाटाउन आहे, परंतु क्वीन्समधील फ्लशिंग हे चिनी वस्तीचे दुसरे आणि फार मोठे केंद्र झाले आहे. लॉस एंजेलिसमध्येही शहरातील चायनाटाउनपेक्षा पूर्वेकडच्या सॅन गॅब्रियल खोऱ्यात चिनी वस्ती अधिक दाट आहे. टोरोंटोत कॉलेज स्ट्रीटवर ‘लिटल इटली’ ही पाटी अजूनही दिसते, पण अनेक इटालियन कुटुंबे केव्हाच शहराबाहेरच्या वुडब्रिजला राहायला गेली. पहिल्या वस्तीत जाऊ नये असे मी म्हणणार नाही. तिथे इमारती आणि जुन्या खुणा पाहायला मिळतात. मात्र परवडणारे जेवण आणि रोजचे व्यवहार दुसऱ्या वस्तीत असतात, आणि ती सहसा मेट्रोच्या शेवटच्या काही स्थानकांजवळ सापडते.

राहती वस्ती शोधण्याचे मार्ग पुढे दिले आहेत. पहिला सर्वांत खात्रीचा आहे, पण तो एकटा पुरत नाही.

*जनगणनेचे तक्ते.* कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात दर पाच वर्षांनी जनगणना होते, इंग्लंड-वेल्समध्ये दर दहा वर्षांनी, आणि तिन्ही ठिकाणी भाषेविषयी प्रश्न विचारला जातो. अमेरिकेत घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेची आकडेवारी दरवर्षीच्या नमुना पाहणीतून मिळते. हे तक्ते विभागवार, विनामूल्य आणि बऱ्याचदा नकाशावर रंगवलेले असतात. ज्या विभागात एखाद्या भाषेचे प्रमाण शहराच्या सरासरीच्या अनेक पट आहे, तो विभाग वहीत लिहावा. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी : स्थलांतरितांची दुसरी-तिसरी पिढी घरीही स्थानिक भाषाच बोलू लागते आणि भाषेच्या रकान्यातून गळते, त्यामुळे जुने आणि स्थिरावलेले समाज या तक्त्यांत प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतात. त्यांच्यासाठी जन्मस्थान, वंश किंवा धर्म हे रकाने असतील तर तेही पाहावेत.

*उपासनास्थळे.* एकाच चौकात मशीद, मंदिर आणि दोन-तीन भाषांतील चर्चच्या पाट्या असतील तर तो भाग निश्चित टिपावा. इमारत पाहून अंदाज बांधताना मात्र जपून राहावे, कारण इमारत तीच राहते आणि माणसे बदलतात. लंडनच्या ब्रिक लेनवर १७४३ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांनी बांधलेले प्रार्थनागृह आहे. ते पुढे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे गेले, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून तिथे मशीद आहे. दारावरची आजची पाटी काय सांगते तेच धरावे.

*रोजच्या गरजांची दुकाने.* परदेशी पैसे पाठवण्याचे काउंटर, त्या देशाला स्वस्तात फोन करून देणारी दुकाने, विशिष्ट किराणा, घाऊक भाजीबाजार, त्या भाषेत पाटी असलेले केशकर्तनालय आणि दवाखाना. पर्यटक केशकर्तनालयात जात नाही. त्यामुळे ते दुकान चालते म्हणजे आसपास तो समाज राहतो, हा निष्कर्ष क्वचितच चुकतो. उपाहारगृहाबाबत असे म्हणता येत नाही, कारण ते कुठेही उघडता येते.

*सार्वजनिक वाचनालयाची शाखा.* शहराच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर कोणत्या शाखेत कोणत्या भाषेतील पुस्तके आहेत हे पाहावे. वाचक असल्याशिवाय वाचनालय त्या भाषेची कपाटे भरत नाही. हा मार्ग फार थोडे लोक वापरतात, आणि मला विचाराल तर तो जनगणनेपेक्षा ताजा असतो.

*वाहतुकीची एखादी रेघ.* वेगवेगळ्या वस्त्यांसाठी वेगवेगळे दिवस ठेवण्यापेक्षा एकाच मार्गावरच्या वस्त्या एकत्र कराव्यात. न्यूयॉर्कची ७ क्रमांकाची मेट्रो क्वीन्समधून फ्लशिंगपर्यंत जाते आणि वाटेत दक्षिण आशियाई, लॅटिन अमेरिकी व पूर्व आशियाई वस्त्यांना जोडते. तिला ‘इंटरनॅशनल एक्सप्रेस’ म्हणतात ते उगाच नव्हे. आपल्या शहरातील तशी रेघ शोधण्यासाठी मेट्रोचा किंवा बसचा नकाशा घ्यावा आणि वर टिपलेले विभाग त्यावर खुणा करून पाहावेत. तीन खुणा एका रेघेवर आल्या की पहिल्या फेरीची रेघ ठरली.

*पडताळणी :* यादीत ठेवलेल्या प्रत्येक वस्तीसाठी वरील खुणांपैकी निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्या पाहिजेत. फक्त ‘तिथे त्यांची उपाहारगृहे आहेत’ एवढीच खूण असेल तर ती वस्ती खोडावी.

टप्पा ३ : वेळ ठरवणे

मी स्वतः एका परक्या शहरात शनिवारी दुपारी सनातनी ज्यूंच्या वस्तीत जाऊन बंद दारांची पूर्ण गल्ली पाहून आलो आहे. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडल्यावर संपतो हे मला ठाऊक होते. मी ते वेळापत्रकाशी ताडून पाहिले नव्हते, इतकेच. तीच गल्ली रविवारी सकाळी गजबजलेली असते.

प्रत्येक वस्तीपुढे आठवड्यातील तिचा दिवस लिहावा. मुस्लिम वस्तीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने थोडा वेळ बंद असू शकतात, आणि नमाज सुटल्यानंतरचा तासभर सर्वाधिक वर्दळीचा असतो. रमजानच्या महिन्यात दिवसा उपाहारगृहे बंद आणि सूर्यास्तानंतर रस्ता जागा, असे चित्र उलटते. परदेशस्थ गुरुद्वारांत लंगर रोज चालला तरी मोठी गर्दी रविवारी होते, कारण सुट्टी त्या दिवशी असते. स्थलांतरितांच्या अनेक लहान ख्रिस्ती मंडळांना स्वतःची इमारत नसते. स्थानिक मंडळाची सकाळची प्रार्थना आटोपल्यावर त्याच चर्चमध्ये दुपारी त्यांची प्रार्थना होते. दारावरचे वेळापत्रक वाचणाऱ्याला एकाच इमारतीत दोन जगे दिसतात.

वेळ चुकली तर योग्य जागाही दिसत नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथे घरकाम करणाऱ्या परदेशी महिलांना आठवड्यातून एक सुट्टी मिळते आणि बहुतेकींची ती रविवारी असते. त्या दिवशी सेंट्रल भागातील पादचारी पूल, चौक आणि कार्यालयांच्या तळमजल्याच्या मोकळ्या जागा फिलिपिनो महिलांनी भरून जातात, तर इंडोनेशियन महिला व्हिक्टोरिया पार्कच्या परिसरात जमतात. सोमवारी सकाळी त्याच जागी सुटाबुटातील कर्मचारी घाईने चालत असतात. मार्गदर्शक नकाशात ही जागा फक्त ‘व्यापारी भाग’ म्हणून दाखवलेली असते.

वार्षिक दिनदर्शिकेचे काम त्याहून किचकट आहे. हिजरी, म्हणजे इस्लामी, वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने त्यातील सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतात. गेल्या वर्षीच्या लेखातील तारीख उचलली की फसगत ठरलेली. शिवाय ईद चंद्रदर्शनावर ठरत असल्याने एकाच शहरातील दोन मशिदींत ती दोन वेगळ्या दिवशी होऊ शकते. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येते. नवरोज हे इराणी नववर्ष वसंतसंपाताला, म्हणजे बहुधा २० किंवा २१ मार्चला असतो. रशियन, सर्बियन आणि इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ ७ जानेवारीला येतो, मात्र ग्रीक ऑर्थोडॉक्स तो २५ डिसेंबरलाच साजरा करतात. त्यामुळे ‘ऑर्थोडॉक्स’ एवढ्या शब्दावरून तारीख ठरवू नये. सण आठवड्याच्या मधल्या दिवशी आला तर परदेशातील मंडळे सार्वजनिक कार्यक्रम जवळच्या शनिवार-रविवारी ठेवतात. पंचांगातील तारीख आणि कार्यक्रमाची तारीख या दोन्ही स्वतंत्रपणे पाहाव्यात.

काही दिवस मुद्दाम परक्यांसाठीच राखलेले असतात आणि कमी खर्चात फिरणाऱ्याने त्यांची नोंद वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवावी. जर्मनीतील मशिदी १९९७ पासून दरवर्षी ३ ऑक्टोबरला सर्वांसाठी खुल्या असतात. युरोपातील अनेक देशांत सप्टेंबरमध्ये वारसा-दिन पाळले जातात आणि एरवी बंद असलेल्या इमारती विनामूल्य पाहता येतात. लंडनमध्ये १९९२ पासून सुरू असलेला ‘ओपन हाउस’ उपक्रम त्याच महिन्यात असतो. यांतील लोकप्रिय इमारतींसाठी आगाऊ नोंदणी लागते आणि ती काही आठवडे आधी भरून जाते.

*सावधान :* सणाचा मुख्य दिवस हा वस्ती पहिल्यांदा पाहण्याचा दिवस नव्हे. गर्दीमुळे चालणे कठीण होते, काही दुकाने सुट्टी घेतात आणि उरलेल्यांकडे कुणाशी बोलायला सवड नसते. सणाच्या आधीच्या आठवड्यात खरेदीची लगबग असते. पहिल्या भेटीसाठी तो आठवडा निवडावा.

टप्पा ४ : जागांची यादी आणि तिची छाननी

आता, आणि आताच, नकाशावर जागांची नावे शोधावीत. शोध आपल्या भाषेत किंवा इंग्रजीत न घेता त्या समाजाच्या भाषेत आणि लिपीत घ्यावा. ‘बाजार’, ‘खानावळ’, ‘बेकरी’, ‘पुस्तकांचे दुकान’ असे साधे शब्द भाषांतराच्या साधनातून त्या लिपीत उतरवून नकाशावर चिकटवले आणि नकाशाची चौकट टप्पा २ मधील वस्तीपुरती लहान केली, की इंग्रजी शोधात वर न येणारी दुकाने समोर येतात. एवढा एक बदल केला तरी निम्मे काम होते.

अभिप्राय वाचताना सरासरी गुणांकडे पाहू नये. सर्वांत ताजे अभिप्राय आधी येतील असा क्रम लावावा, त्यांपैकी किती त्या समाजाच्या भाषेत आहेत हे मोजावे आणि छायाचित्रांत दरपत्रक दिसते का ते पाहावे. दरपत्रकाच्या छायाचित्राची तारीखही पाहावी. दोन वर्षांपूर्वीचे दर धरून आखलेला खर्च पहिल्याच जेवणाला कोलमडतो. सेवा संथ आहे, आतली सजावट साधी आहे, कुणी इंग्रजी बोलत नाही अशा तक्रारींवरून कमी गुण मिळालेली जागा यादीतून काढू नये. स्वच्छतेविषयी वारंवार आलेली तक्रार मात्र गांभीर्याने घ्यावी. ज्या शहरांत पालिका स्वच्छतेची श्रेणी दारावर लावायला सांगते, तिथे ती श्रेणी संकेतस्थळावरही पाहता येते.

यादीत खाण्याच्याच जागा भरत जाण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा. सांस्कृतिक संस्था, त्या भाषेचे पुस्तकांचे दुकान, सामुदायिक सभागृह, लहान समाज-संग्रहालय, उद्यान यांना निम्मी जागा ठेवावी. आल्यांस फ्रान्सेज, ग्योथे इन्स्टिट्यूट, इन्स्टिट्यूटो सर्व्हान्टेस, जपान फाउंडेशन यांसारख्या, आपापल्या देशाची भाषा व संस्कृती परदेशात पोहोचवणाऱ्या संस्था अनेक महानगरांत आहेत. त्यांचे भाषावर्ग सशुल्क असले तरी चित्रपट, व्याख्याने आणि प्रदर्शने बऱ्याचदा विनामूल्य असतात. मोठ्या संग्रहालयांबाबत शुल्काचे नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील कायम संग्रह २००१ पासून विनामूल्य पाहता येतो, पण विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. इतर अनेक शहरांत आठवड्यातील ठरावीक संध्याकाळ किंवा महिन्यातील एखादा रविवार मोफत असतो आणि त्यासाठीही वेळ आरक्षित करावी लागू शकते.

‘विनामूल्य पदभ्रमण’ या जाहिरातीविषयी एक इशारा. त्यात शेवटी बक्षिसी द्यावी अशी अपेक्षा असते, आणि अनेक ठिकाणी वाटाड्याला प्रत्येक आलेल्या माणसामागे आयोजकाला पैसे भरावे लागतात. काहीही न देता निघून जाणे म्हणजे त्याच्या खिशातून फिरणे होय. त्यामुळे ती रक्कम पहिल्याच टप्प्यातील हिशेबात धरावी, नाहीतर असे पदभ्रमण घेऊच नये.

*पडताळणी :* एका फेरीसाठी एकच वस्ती किंवा एकाच रेघेवरच्या दोन, आणि प्रत्येक वस्तीत जास्तीत जास्त चार जागा. पाचवी जागा लिहिली असेल तर पहिल्या चारांपैकी एक खोडावी. निदान एक जागा पैसे न लागणारी आणि छप्पर असलेली असावी. पाऊस आला की उपयोगी पडते.

टप्पा ५ : प्रत्यक्ष फेरी

वस्तीत पोहोचल्यावर पहिली अर्धी घटका काहीही विकत घेऊ नये. मुख्य रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावा, परत येताना समांतर गल्लीतून यावे. स्थानकाच्या दारातील दुकाने सहसा महाग असतात आणि मुख्य रस्त्यापेक्षा गल्लीतील भाडे कमी असल्याने दरही उतरतात, हे चालतानाच पाट्यांवरून दिसते. कोणत्या दुकानासमोर पिशव्या घेतलेल्या स्थानिक बायका उभ्या आहेत, कुठे वृद्ध माणसे निवांत बसली आहेत, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर वाचनालय किंवा सामुदायिक सभागृह गाठावे. तिथल्या सूचनाफलकावर आठवड्याभराचे कार्यक्रम, भाषेचे वर्ग, नाचगाण्याच्या तालमी, हंगामी बाजार यांचे कागद टाचलेले असतात आणि त्यातील बराच मजकूर इंटरनेटवर कधीच येत नाही. फलकाचे छायाचित्र काढून फोनवरील कॅमेऱ्याच्या भाषांतराने तो वाचता येतो. घरून केलेली यादी या फलकापुढे बदलावी लागली तर निःसंकोच बदलावी.

मग बाजार, आणि जेवण त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण उपाशीपोटी पोहोचलेला माणूस पहिल्या दिसेल त्या जागी बसतो. कामाच्या दिवशी दुपारी अनेक उपाहारगृहांत ठरावीक पदार्थांचे ताट संध्याकाळच्या दरापेक्षा बरेच कमी दराने मिळते. शक्य असेल तर मुख्य जेवण दुपारीच करावे. शहरात पालिकेने चालवलेली किंवा नियमित केलेली एकत्रित खाद्यकेंद्रे असतील तर ती सर्वांत सोयीची. सिंगापूरची हॉकर केंद्रे याचा उत्तम नमुना आहेत : एका छपराखाली चिनी, मलय आणि भारतीय गाळे, दर पाटीवर लिहिलेले, बसण्याची जागा सामाईक. या खाद्यसंस्कृतीची २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.

किराणा दुकानाला भेट देणे टाळू नये. पदार्थाचे नाव, मूळ देश आणि दर एकाच चिठ्ठीवर वाचायला मिळतात, आणि प्रवेशशुल्क नसते. दुकानदाराचा वेळ घेतला तर एखादी लहान वस्तू घ्यावी.

*सावधान :* सहाजणांचा घोळका करून अशा वस्तीत जाऊ नये. दहा खुर्च्यांची खानावळ सहाजणांना एकत्र बसवू शकत नाही, आणि मोठा गट आपापसांतच बोलत राहतो. दोघे किंवा तिघे पुरेसे होतात.

टप्पा ६ : आत जाताना

उपासनास्थळाच्या बाहेर दोन मिनिटे थांबून इतर काय करतात ते पाहावे. खांदे व गुडघे झाकणारे कपडे आणि एक ओढणी किंवा रुमाल सोबत असला की बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. गुरुद्वारात पादत्राणे काढून डोके झाकावे लागते. मशिदीत पादत्राणे काढावी लागतात आणि स्त्रियांसाठी वेगळी जागा असू शकते. लंगर कुणालाही मिळतो, परंतु ते फुकट उपाहारगृह नव्हे : पंगतीत बसावे, हवे तेवढेच घ्यावे, ताटात टाकू नये, आणि जमले तर भांडी घासायला किंवा वाढायला हात लावावा. रोजचे जेवण वाचवण्याचा मार्ग म्हणून त्याची शिफारस करणारे लेख मला पटत नाहीत.

छायाचित्रांबाबत नियम एका ओळीचा आहे : इमारतीचे काढण्याआधी पाटी वाचावी, माणसाचे काढण्याआधी विचारावे. मुलांचे आणि प्रार्थना करणाऱ्यांचे काढूच नये. बाजारात गाळ्यासमोर उभे राहून चित्रीकरण केल्याने गिऱ्हाईक अडते. आधी खरेदी करावी, मग परवानगी मागावी.

बोलताना ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न पहिला विचारू नये. ज्याचा जन्मच त्या शहरात झाला आहे त्याला तो टोचतो. त्याऐवजी समोरच्या वस्तूविषयी विचारावे : हे कसे शिजवतात, हे कोणत्या सणाला लागते, या बाजाराला सर्वांत जास्त गर्दी कधी असते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टप्पा ३ मधील तक्त्यात लगेच लिहून घ्यावे. निघताना आणखी एक विचारावे : ‘तुम्ही स्वतः सुट्टीच्या दिवशी कुठे जाता?’ माझ्या यादीतील निम्म्या चांगल्या जागा या एका प्रश्नातून मिळाल्या आहेत.

टप्पा ७ : पैसे देताना

लहान दुकाने व बाजारातील गाळे बऱ्याचदा रोखच घेतात किंवा ठरावीक रकमेखाली कार्ड घेत नाहीत, म्हणून लहान नोटा जवळ ठेवाव्यात. परदेशी कार्ड वापरताना यंत्राने ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का’ असे विचारल्यास नकार देऊन स्थानिक चलन निवडावे. दुसऱ्या पर्यायात बहुधा महाग विनिमय दर लावलेला असतो. दरपत्रकातील किमतीत कर धरला आहे का आणि सेवाशुल्क बिलात आधीच आहे का, हे बसण्यापूर्वी पाहावे. न मागता टेबलावर आलेली बशी काही देशांत बिलात धरली जाते. नको असेल तर हात न लावता परत करावी.

टप्पा ८ : नोंद आणि दुसरी फेरी

घरी आल्यावर त्याच रात्री चार गोष्टी लिहाव्यात : प्रत्यक्ष खर्च चारही रकान्यांत, पोहोचण्याची वेळ आणि तेव्हाची वर्दळ, बंद मिळालेली जागा व तिच्या दारावरचे वेळापत्रक, आणि कुणीतरी सुचवलेले पण पाहायचे राहिलेले ठिकाण. बंद मिळालेल्या जागेवर लगेच काट मारू नये. तिचा दिवस चुकला असण्याची शक्यता जास्त असते.

दुसरी फेरी त्याच वस्तीत, वेगळ्या वाराला आणि वेगळ्या प्रहरी करावी. पहिल्या फेरीच्या खर्चाशी ती ताडून पाहावी. तिचा खर्च कमी यायला हवा, कारण यावेळी गाडी कुठे बदलायची आणि जेवायला कोणत्या गल्लीत वळायचे हे माहीत असते. तो कमी आला नाही तर चारपैकी कोणता रकाना फुगला ते पाहून पुढच्या वस्तीसाठी तेवढीच दुरुस्ती करावी, आणि मगच टप्पा २ च्या यादीतील दुसरे नाव उघडावे.